गाडी थांबते तिथे

मे महिन्यातली दुपार, राजापूर तालुक्यातलं एक गाव, मावशीचं घर. पुण्याहून निघालो होतो आणि कोल्हापुरात मिळाली तेवढी वीज भरून घाट उतरलो होतो. अंगणात गाडी लावली तेव्हा पडद्यावर ११ टक्के दिसत होते. काकांनी कौतुकाने पडवीतला १५ अँपिअरचा सॉकेट दाखवला. गाडीसोबत मिळालेली केबल काढली, पिन खुपसली, गन गाडीत लावली. हिरवा दिवा क्षणभर लागला आणि लगेच लाल झाला. पुन्हा लावून पाहिली, पुन्हा लाल.

"याच सॉकेटवर पंप चालतो, मिक्सर चालतो," काका म्हणाले. "तुझ्या गाडीला काय सोन्याची वीज लागते?"

मी ३१ वर्षं वीज वितरणात काढली आहेत. दोष अर्थिंगचा आहे हे केबलवरच्या खुणेवरून कळत होतं. पंपाला आणि मिक्सरला अर्थिंग असलं काय नि नसलं काय, ते आपले फिरत राहतात. गाडी मात्र आधी तपासून घेते. सॉकेटमधल्या त्या मोठ्या पिनेची वाट खरोखर जमिनीपर्यंत जाते का, याची खात्री पटल्याशिवाय ती विजेला आत घेत नाही. सव्वा-दीड टनाचा लोखंडी सांगाडा रबरी चाकांवर उभा असतो आणि त्याला माणसांचे हात लागणार असतात, तेव्हा तिचं बरोबरच आहे. पण काल-परवापर्यंत हे घर व्यवस्थित चाललं होतं, मग अर्थिंग गेलं कुठे?

उत्तर मावशीने दिलं. "अरे, उन्हाळ्यात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. गणपतीत कधी येत नाहीत."

झालं. घरामागे माडाच्या बुंध्याशी वायरमनने पंधरा वर्षांपूर्वी मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा होता. पावसाळ्यात तिथला जांभा भिजलेला असतो, म्हणून अर्थिंग लागतं. मे महिन्यात तो दगडासारखा कोरडा पडतो आणि विजेला जमिनीत शिरायला वाट उरत नाही. खड्ड्यात दोन कळश्या पाणी ओतलं, मूठभर खडे मीठ टाकलं, चहा घेतला. चहा संपेपर्यंत दिवा हिरवा झाला होता. सकाळपर्यंत गाडी भरली.

या पुस्तकाची सुरुवात त्या खड्ड्यापाशी झाली. विजेच्या गाड्यांबद्दल आपल्याकडे खूप लिहिलं-बोललं जातं आणि त्यातलं बहुतेक गाडीबद्दल असतं: रेंज किती, किंमत किती, बॅटरी किती वर्षं टिकेल. उरलेलं सरकारबद्दल असतं: किती कोटी, किती हजार चार्जिंग स्टेशन, कोणत्या सालापर्यंत. या दोहोंच्या मधे एक खड्डा आहे, एक मीटर आहे, एक डीपी आहे, सोसायटीच्या सचिवाची सही आहे आणि दोन नंबरची गन बंद आहे हे ठाऊक असलेला एक वॉचमन आहे. हा मधला मुलूख मला नोकरीमुळे थोडा ओळखीचा होता. निवृत्तीनंतर विजेची गाडी घेतली आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहायला मिळाला. त्याचं वर्णन करावं, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. वीज घेऊन वाहन चालवणं आपल्या मुलखाला मुळीच नवं नाही. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी वीज केली आणि १९१५ साली ती मुंबईच्या गिरण्यांना पोचू लागली. त्याआधीच, १९०७ पासून, मुंबईत विजेची ट्राम धावत होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली, पुढच्या पाच वर्षांत तारा बोरघाट चढून पुण्याला आल्या आणि १ जून १९३० ला निघालेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनावरच निघाली. घाट उतरताना इंजिनाची मोटर उलटी वापरून वीज तारेत परत ढकलायची, हा आजच्या मोटारींच्या जाहिरातीतला चमत्कार त्या काळच्या घाटातल्या इंजिनांमध्येही होता.

मला हा घाट हिशेबासाठी फार आवडतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी तेवढी वर उचलायला शुद्ध उंचीपोटी सव्वादोन युनिट लागतात. यंत्रातली गळती धरा, अडीच-तीन युनिट. ३० युनिटांच्या बॅटरीचा हा दहावा हिस्सा झाला. अंतर कापायला लागणारी वीज त्याहून निराळी. पहिल्यांदा घाट चढणाऱ्याला टक्के भराभरा उतरताना पाहून घाम फुटतो, तो यामुळे. परतीच्या वाटेवर यातली बरीचशी वीज परत मिळते, आणि लोणावळ्याहून ४० टक्क्यांवर निघालेला माणूस खोपोलीला पोचल्यावर ४१ पाहून स्वतःला भाग्यवान समजू लागतो. ज्या उंचीवरून पाणी पडून शंभर वर्षांपूर्वी वीज झाली, त्याच उंचीवर ती वीज खर्चून गाडी चढते. एवढं लक्षात आलं की विजेच्या गाडीभोवतीचं गूढ निम्म्याने कमी होतं.

ट्राम आणि आगगाडी यांना चार्जिंग स्टेशन कधी लागलं नाही, कारण तार त्यांच्या डोक्यावर सतत होती. मोटारीने तार सोडली आणि वीज पाठीवर बांधून घेतली. म्हणून तिला थांबावं लागतं. या पुस्तकातला सगळा गुंता त्या थांबण्याचा आहे.

पेट्रोलची गाडी भरायला पाच मिनिटं थांबते आणि तेवढ्यासाठी पंपावर जाते. विजेची गाडी मुळात कुठेतरी थांबलेलीच असते: रात्री घरी, दिवसा कचेरीत, रविवारी मंगल कार्यालयाबाहेर. चोवीस तासांतले बावीस तास ती उभी असते. तेव्हा वीज तिथे जायला हवी, गाडीने विजेकडे जायचं कारण फक्त लांबच्या प्रवासात पडतं. हे सांगायला सोपं आहे. आपली धोरणं मात्र बराच काळ पेट्रोल पंपाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली, आणि पंप मोजतात तशी चार्जिंग स्टेशनं मोजली गेली.

त्याचा इतिहास छोटा आहे, पण मजेदार आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार परवान्याशिवाय कुणालाही वीज विकता येत नाही. म्हणजे एखाद्या हॉटेलवाल्याने दारात गन टांगून युनिटमागे पैसे घेतले असते, तर तो कायद्याच्या नजरेत बिनपरवाना वीज कंपनी ठरला असता. १३ एप्रिल २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की बॅटरी चार्ज करणं ही विजेची विक्री नाही, ती सेवा आहे. एका कागदाने दार उघडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी दरपत्रकात वेगळी वर्गवारी केली, आणि डिसेंबरात मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली: शहरात दर ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक स्टेशन, महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एकेक.

पण 'सेवा' हा शब्द दुधारी निघाला. विजेवर जीएसटी नाही, सेवेवर आहे, तोही १८ टक्के. घरी चार्ज करणारा तो भरत नाही. सार्वजनिक स्टेशनवर जाणारा भरतो. आणि घरी चार्ज कोण करतो? ज्याला स्वतःची पार्किंगची जागा आहे तो. चाळीत, गावठाणात, जुन्या पेठांतल्या वाड्यांत राहणारा, रस्त्यावर गाडी लावणारा माणूस सार्वजनिक स्टेशनवर जातो आणि त्याच विजेला जास्त मोजतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. एका खात्याने अडचण सोडवली आणि तिचं बिल दुसऱ्या खात्याने फाडलं, इतकंच.

डिसेंबर २०१८ च्या त्या तत्त्वांत आणखी एक कलम होतं, आणि नोकरीत असताना त्याचा मला चांगलाच अनुभव आला. सार्वजनिक स्टेशन म्हणवून घ्यायचं तर तिथे पाच तऱ्हांचे चार्जर हवेत: युरोपीय पद्धतीचा सीसीएस, जपानी चाडेमो, एसी टाइप टू, आणि आपल्याकडचे भारत डीसी व भारत एसी. त्या वेळी रस्त्यावर विजेच्या मोटारी किती होत्या? २०१७ साली सरकारी कचेऱ्यांसाठी १० हजार गाड्यांची मागणी निघाली होती आणि त्यातल्या जेवढ्या आल्या त्या १५ किलोवॉटच्या भारत डीसीवर चालत. पुढे आलेल्या खासगी मोटारींनी सीसीएस धरलं. चाडेमोची गाडी शोधूनही सापडत नसे. पाच प्रकारची यंत्रं घ्यायची, पाचांचा लोड मंजूर करून घ्यायचा, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि मग एका गनवर दिवसाकाठी दोन गाड्या येतील म्हणून वाट पाहायची! अर्ज घेऊन आलेला एक गृहस्थ आमच्या टेबलासमोर आकडेमोड करून शांतपणे उठला आणि त्याच जागेत त्याने रसवंती काढली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ही सक्ती गेली. कोणते चार्जर लावायचे ते ज्याचं त्याने ठरवावं, असं झालं. भारत डीसीची काही यंत्रं मात्र सरकारी इमारतींच्या आवारात अजून उभी दिसतात, धूळ खात. नव्या मोटारींना त्यांची गन बसत नाही.

रसवंती काढणाऱ्याचा हिशेब आजही करून पाहण्यासारखा आहे. समजा, ६० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर आहे. चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला तर तो १,४४० युनिट देईल. प्रत्यक्षात दिवसातला वीस-पंचवीसावा भागच वापर होत असेल, म्हणजे साधारण ५ टक्के, तर ७२ युनिट. युनिटमागे ५ रुपये सुटले असं धरलं तर दिवसाला ३६० रुपये. त्यातून यंत्राचं कर्ज, जागेचं भाडं, इंटरनेट, दुरुस्ती आणि रात्रीच्या वॉचमनचा पगार. शिवाय विजेच्या बिलात मंजूर लोडवर लागणारा स्थिर आकार असतो, तो गाडी आली नाही तरी भरावा लागतो. वापर १५ टक्क्यांवर गेला की हेच गणित बसतं. म्हणून चांगल्या जागी चार स्टेशनं शेजारी शेजारी उगवतात आणि पुढे शंभर किलोमीटर काही नसतं. याला बाजाराचा लोभ म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या जागी आपण असतो तर आपणही चाकणच्या फाट्यावरच यंत्र लावलं असतं, वैभववाडीत नाही.

सरकारी पैसा खरा हवा तो वैभववाडीत. तो आला, पण कसा आला? विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेच्या २०१९ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात चार्जिंगसाठी निधी होता. मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ८०० कोटी रुपये मंजूर झाले, ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनांसाठी. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह ही योजना आली आणि तिच्यात चार्जिंगसाठी २ हजार कोटींची तरतूद झाली. तेल कंपन्यांकडे जागा आहेत, महामार्गावर आहेत, दिवे आहेत, स्वच्छतागृहं आहेत. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. तरी माझ्या मनात शंका आहे. ज्याचा धंदा पेट्रोल विकण्याचा आहे, त्याच्या आवारात कोपऱ्यातली गन बंद पडली तर ती दुरुस्त व्हावी म्हणून कोण अस्वस्थ होणार? अनुदान यंत्र बसवायला मिळतं. ते चालू ठेवण्याला कुणी बांधील नसेल, तर फीत कापतानाचा फोटो हाच त्याचा खरा उपयोग उरतो.

महाराष्ट्रानेही मोजणीचाच रस्ता धरला. जुलै २०२१ च्या राज्य धोरणात २०२५ पर्यंत मुंबईत १,५००, पुण्यात ५००, नागपुरात १५०, नाशकात १०० अशी स्टेशनं आखली होती. औरंगाबादला ७५, अमरावतीला ३०, सोलापूरला २०. एकंदर आकड्यात आपण फार मागे राहिलो नाही. २०२४ च्या अखेरीस देशात २५ हजारांवर सार्वजनिक स्टेशनं झाली होती. त्यांत कर्नाटक पहिलं आणि महाराष्ट्र दुसरं, साडेतीन हजारांच्या वर. पण 'स्टेशन' म्हणजे काय? दुचाकी रात्रभर लावायची ३.३ किलोवॉटची पेटीही स्टेशन, आणि अर्ध्या तासात मोटार भरणारं १२० किलोवॉटचं यंत्रही स्टेशन. चहाची टपरी आणि तीनशे पानांचं मंगल कार्यालय यांची बेरीज करून गावात जेवणाची सोय किती, ते सांगण्यासारखं हे आहे. आणि यातली चालू किती, हा आकडा त्या बेरजेत येतच नाही.

मला विचाराल तर मोजायची गोष्ट एकच: गाडी घेऊन गेल्यावर वीज मिळाली का? गेल्या तीन वर्षांत मी वहीत नोंद ठेवली आहे. तारीख, जागा, किती गन, किती चालू, पैसे कसे दिले. ही वही काही अभ्यास नव्हे, एका म्हाताऱ्याचा छंद आहे, म्हणून तिच्यातल्या टक्केवाऱ्या या पुस्तकात घातलेल्या नाहीत. पण न चालण्याची कारणं वाचण्यासारखी आहेत. बिघडलेलं यंत्र हे त्यातलं एक कारण, आणि सर्वांत नेहमीचं नव्हे. कुठे यंत्र ठीक होतं पण मोबाइलचं सिग्नल नव्हतं, त्यामुळे यंत्राला आपल्या मालकाशी बोलता येत नव्हतं. कुठे ॲपमध्ये आधी ५०० रुपये भरा म्हणत होते आणि माझ्याकडे तसली अकरा ॲप आधीच होती. ज्या देशात भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे क्यूआर दाखवून घेते, तिथे गाडी चार्ज करायला अकरा पाकिटं का लागावीत, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. कुठे व्होल्टेज इतकं उतरलं होतं की यंत्र सुरू होऊन दोन मिनिटांत ट्रिप होई. संध्याकाळी सातनंतर डीपीवर गावाचा भार आला की हे ठरलेलं. आणि कितीदा तरी गनसमोर पेट्रोलची गाडी लावून मालक आत थाळी खात बसलेला होता.

एका फूड मॉलच्या मागच्या बाजूला पावसात उभा राहून मी तासभर हेल्पलाइनशी बोललो होतो. पलीकडची मुलगी फार गोड होती. तिला पडद्यावर यंत्र चालू दिसत होतं. मला समोर बंद दिसत होतं. "सर, आमच्याकडे ॲव्हेलेबल दाखवतंय," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. सबस्टेशनचा फीडर बंद आणि कंट्रोल रूमच्या नकाशावर हिरवा दिवा, असले संवाद मी नोकरीत दुसऱ्या टोकाने केलेले होते. त्या दिवशी त्याची फेड झाली.

लांबच्या प्रवासाची गोष्ट मात्र एका मर्यादेपलीकडे ताणू नये. या देशात विजेवर चालणारी बहुसंख्य वाहनं मोटारी नाहीतच. त्या स्कूटर आहेत आणि तीनचाकी आहेत. स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटांची, ती साध्या सॉकेटवर रात्रीत भरते. पुण्यात दुचाकी वाढल्या त्या महामार्गावरच्या गनमुळे नव्हेत, पार्किंगमधल्या सॉकेटमुळे. म्हणून माझ्या मते या विषयाची खरी रणभूमी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिच्यावर मी अख्खं एक प्रकरण खर्च केलं आहे आणि त्याबद्दल मला खेद नाही. सभेत विचारले जाणारे प्रश्न सगळे वाईट नसतात. आग लागली तर? तुझ्या गाडीसाठी केबल ओढली आणि उद्या वीस जणांनी मागितली तर मीटर रूमला झेपेल का? कॉमन मीटरवरून वीज घेतली तर बिल कोण भरणार? या प्रत्येकाला तांत्रिक उत्तर आहे. वेगळं कनेक्शन घेता येतं, ते गाडीच्या दरवर्गवारीत येतं. घराच्या मीटरवर चार्ज केलं तर वरच्या स्लॅबमध्ये जाऊन महागात पडतं. वीस गाड्या एकाच वेळी पूर्ण ताकदीने चार्ज होऊ न देता भार वाटून घेणारी यंत्रणा असते. पण ही उत्तरं सभेत द्यायला कुणी नसतं, आणि सचिव सहीच करत नाही. २०१९ साली आदर्श बांधकाम नियमांत दुरुस्ती होऊन नव्या इमारतींतल्या २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय आली. राज्याचं २०२५ चं धोरण त्याच्याही पुढे जाऊन नव्या निवासी इमारतींतलं सगळं पार्किंग चार्जिंगला तयार हवं म्हणतं. छानच आहे. पण आपण बहुतेक सगळे जुन्या इमारतींत राहतो.

रात्री चार्ज करा, तेव्हा वीज मोकळी असते, असं मीही दहा वर्षं लोकांना सांगत आलो. आता तो सल्ला जुना झाला. सौरऊर्जा वाढली तशी दुपारची वीज स्वस्त होत चालली आणि संध्याकाळची महाग. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय तत्त्वांत सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असं म्हटलं आहे. आता दुपारी गाडी कुठे असते? कचेरीच्या पार्किंगमध्ये, कॉलेजच्या आवारात, रेल्वे स्टेशनबाहेर. ठाण्याला, बदलापूरला, लोणावळ्याला स्कूटर लावून लोकलने जाणारे हजारो लोक दिवसाचे दहा तास गाडी उन्हात उभी ठेवतात. त्या पार्किंगवर छप्पर नाही, सॉकेट तर दूरच. आधी केंद्रीय निधीतून महामार्गावर मोठी यंत्रं आणि नंतर जमलं तर स्टेशनबाहेर सॉकेट, हा क्रम मला उलटा वाटतो.

धंद्याच्या गाड्यांचं गणित आणखी निराळं. मे २०१७ मध्ये नागपुरात विजेच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग सुरू झाला, दोनशे वाहनांचा. विदर्भाच्या उन्हात चालकांना रांगेत ताटकळावं लागलं, दिवसाच्या फेऱ्या बुडाल्या, आणि एका वस्तीतल्या रहिवाशांनी गाड्यांच्या गर्दीला हरकत घेतली. काही महिन्यांत चालक डिझेलची गाडी परत मागू लागले. यातून विजेची टॅक्सी चालत नाही असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला. मला त्यात वेगळं दिसतं. टॅक्सीवाल्याची गाडी थांबते तेव्हा त्याची कमाई थांबते, मग त्याला थांबण्याच्या जागी, थांबण्याच्या वेळी, चटकन वीज हवी. बसचं याच्या उलट आहे. तिची वेळ ठरलेली, वाट ठरलेली, रात्रीचा मुक्काम ठरलेला. पुण्यात पीएमपीने २०१९ मध्ये विजेच्या बस आणल्या तेव्हा डेपोतच चार्जर उभे केले आणि प्रश्न बराचसा तिथेच मिटला. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली होती. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' निघाली. (या तारखेवर कुणीतरी संशोधन करावं. दख्खनच्या राणीचीही तीच.) अंतर सुमारे १२० किलोमीटर, दोन्ही टोकांना डेपो. पहिल्या विजेच्या बससाठी याहून शहाणी निवड होऊ शकली नसती.

बाहेरच्या देशांचं म्हणाल तर नॉर्वेचं नाव प्रत्येक चर्चेत निघतं. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. पण तिथे पेट्रोलच्या मोटारीवर जबर कर होता आणि विजेच्या मोटारीला १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने करमाफी, टोलमाफी मिळत गेली. शिवाय त्यांची जवळजवळ सगळी वीज धबधब्यांची, आणि बहुतेकांना घरापाशी गाडी लावायला जागा. आपल्याकडे अटल सेतूवर आणि द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ केला ते २०२५ च्या धोरणात. चांगलं झालं. पण ज्याच्याकडे गाडी लावायला जागा नाही, त्याला टोलमाफीचं काय?

पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. कोणती गाडी घ्यावी याचा सल्ला नाही. बॅटरीतलं लिथियम कुठून येतं आणि जुन्या बॅटरीचं पुढे काय होतं, हा मोठा विषय आहे आणि माझा नाही. बॅटरी अदलाबदलीच्या केंद्रांवर एक छोटं प्रकरण आहे. रिक्षावाल्यांशी बोलून मला ती उपयोगी वाटली, मोटारीसाठी वाटली नाहीत. दर, अनुदानं आणि नियम वर्षाला बदलतात, तेव्हा प्रत्येक आकड्याशी साल दिलं आहे. वाचताना ते साल पाहावं.

आभार मानायचे तर यादी लांब आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नावं मला ठाऊकच नाहीत. मावशीचं आणि काकांचं आधी. नोकरीतले माझे जुने वायरमन, जे अजून फोनवर "साहेब, न्यूट्रल बघितला का?" एवढंच विचारतात आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. आणि सातारा रस्त्यावरच्या एका स्टेशनवरचे रात्रपाळीचे वॉचमन. ॲपमध्ये त्या स्टेशनवर दोन्ही गन उपलब्ध दिसत होत्या. यंत्राला सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं होतं: '२ नंबर बंद आहे. १ ला लावा. हळू चालते. पाणी आत मिळेल.'